‘धोरण’ म्हणजे गणितातून सुटका? नाही

‘अर्थशास्त्रात एम.ए. करायचं तर गणित हवं. सार्वजनिक धोरण जोडलं की नुसती निबंधबाजी,’ असा एक संदेश सध्या विद्यार्थ्यांच्या गटांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे. अशा जोड-अभ्यासक्रमात सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक कारण-परिणाम तपासण्याचं शास्त्र) सहसा सक्तीचीच असतात. कारणही साधं आहे: योजना राबवल्यानंतर जे बदललं, ते योजनेमुळेच बदललं का, हे ठरवायचं कसं?

एक उदाहरण घ्या. १९९२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. रोजगार घटला का? नुसतं आधी-नंतर पाहून हे कळत नाही, कारण मधल्या काळात मंदीसुद्धा असू शकते. म्हणून अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी वेतन न बदललेल्या शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातली फास्ट फूडची दुकानंही मोजली आणि दोन्हीकडच्या बदलांतला फरक काढला. रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. निष्कर्षावर पुढे बरंच भांडण झालं, पण तेही आकड्यांवरच! कार्ड यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात अशा कामाचा मोठा वाटा होता.

मात्र ‘हे गणित झेपणारच नाही’ असं घाबरवणाऱ्यांचंही सगळं खरं नाही. कलनाची (कॅल्क्युलस) मूलतत्त्वं, संभाव्यता आणि समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मांडणं) यांवर पकड असली तर बहुतेक ठिकाणी निभावतं. पीएच.डी.च्या सिद्धता इथे सहसा कुणी मागत नाही. निबंध मात्र लिहावे लागतातच, आणि तेही आकड्यांसकट.