मु. पो. चिंचेजवळ

अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने पत्त्याच्या घोळाला घाबरू नये. आमच्याकडे चांदूर दोन आहेत, एक रेल्वे आणि एक बाजार. धामणगावंही दोन, एक रेल्वे आणि एक गढी. नांदगाव खंडेश्वर वेगळं, नांदगाव पेठ वेगळं. अंजनगाव सुर्जीला सोयरीक जमवायला निघालेला माणूस अंजनगाव बारीला उतरला, तर त्याला चहा मिळेल, पण मुलगी दिसणार नाही. यावर आमच्या वाडवडिलांनी नावं बदलत बसण्याचा उद्योग केला नाही. नावामागे शेपूट जोडलं आणि मोकळे झाले. रेल्वे आली तिथे रेल्वे, बाजार भरला तिथे बाजार. ठराव नाही, फलक नाही, नारळ नाही.

अशा माणसांच्या नातवंडांनी आमची ग्रामपंचायत निवडून दिली, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

गावात गल्ल्यांना नावं होतीच. चिंचेची गल्ली, चक्कीची गल्ली, आखराकडचा रस्ता. चिंच रस्ता रुंद करताना तोडली, त्याला जमाना झाला. चक्कीवाला चक्की विकून लेकाकडे पुण्याला गेला. आखरावर आता गायी जमत नाहीत, पोरं क्रिकेट खेळतात. तरी पत्ता चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पाहुण्याने पारावर विचारावं, चिंच कुठी हाये? पारावरच्याने सांगावं, चिंच नाही, पण चिंचेजवळ जा. आणि पाहुणा बरोबर पोचायचा.

मग नावबदल आला. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं काढायची आणि समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायची. हे चांगलं झालं, फार आधी व्हायला हवं होतं, आणि त्याबद्दल एक अक्षर वाकडं लिहायची माझी इच्छा नाही. पण आमच्या पंचायतीने एकदा रंगाचा डबा उघडला, तो संपेपर्यंत थांबायला तयार नव्हती. बिचाऱ्या चिंचेची जात कोणती होती? ‘गोंधळ कमी करण्यासाठी’ तिलाही नवं नाव लागलं.

ते ठरलं ग्रामसभेत. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. दिवस कापूस फवारणीचे. गणपूर्ती कुठून होणार? सभा तहकूब झाली. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही, ही या कायद्यातली खरी गंमत. पुढच्या सभेत सरपंचबाई, सचिव, शिपाई आणि पावसामुळे आडोशाला आलेला एक बकरीवाला यांनी सगळ्या गावाचे पत्ते बदलले.

फलक निळे, अक्षरं पांढरी. विजेच्या खांबाला तारेने आवळलेले. सगळ्यात वर सरपंचबाईंचं नाव, खाली उपसरपंच, सचिव, मग सदस्य ओळीने, आणि एवढं सगळं लिहून जी चिंधीएवढी जागा उरली तिथे ‘क्रांती नगर’. ते वाचायला खांबाला नाक लावावं लागतं. आमचं घर नेमकं कोपऱ्यावर. पुढचा दरवाजा शाहू नगरात उघडतो आणि गोठा क्रांती नगरात पडतो. म्हशीचा आणि माझा पत्ता आता एक नाही. विजेच्या बिलावर वार्ड नंबर, आधारवर चक्कीची गल्ली, रेशन कार्डावर नुसतं गावाचं नाव. तिन्ही कागद एका फाइलीत ठेवले, तर तीन माणसं शेजारी राहताहेत असं वाटतं.

अशात माझ्या फवारणी पंपाची बॅटरी बसली. नवी मागवली. आधी ती धामणगाव रेल्वेऐवजी धामणगाव गढीला गेली आणि चिखलदऱ्याच्या पायथ्याची हवा खाऊन परत आली. तिकडे बोंडअळीला कोणी सांगावं, की बाई, थोडी थांब, पार्सल रस्त्यात आहे? शेवटी फोन आला.

‘‘काका, मी क्रांती नगरात उभा हाव. तुमचं घर दिसून नाही राह्यलं.’’

‘‘कोन्त्या गावच्या क्रांती नगरात?’’

प्रश्न चुकीचा नव्हता. शेजारच्या गावानेही त्याच यादीतून नावं उचलली होती. पोरगा आमच्याच गावात निघाला, एवढं नशीब.

‘‘काका, बोर्डावर उपसरपंचाचं नाव हाये. त्यायच्याच घरी देऊन देऊ काय?’’

‘‘अरे बावा, पंप माहा हाये! तू असं कर, चिंचेजवळ ये.’’

‘‘चिंच कुठी हाये?’’

‘‘तोडली.’’

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मी पानठेल्यावर ठेवून देतो.’’ पानठेल्याला फलक नाही, म्हणून तो सगळ्यांना सापडतो.

या दुखण्यावर इलाज शोधणारा मोठा माणूस मराठीच होता. सारखी गावनावं, वेगवेगळ्या भाषा आणि गिचमिड अक्षर यांना कंटाळून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोड आखला आणि 15 ऑगस्ट 1972 पासून तो देशभर सुरू झाला. सहा आकडे, आमचे 44 ने सुरू होतात. पण पिनकोड पोस्टापर्यंत आणून सोडतो. पुढे चिंच लागतेच. आता 2025 मध्ये डाक विभागाने डिजिपिन काढला. सगळा देश साधारण 4 मीटर बाय 4 मीटरच्या चौकोनांत कापला आणि प्रत्येक चौकोनाला 10 अक्षर-आकड्यांचा संकेत दिला. मी हे बाबांना समजावून सांगितलं. ते बाजेवर पडले होते.

‘‘म्हणजे मी बाज ओसरीतून आंगणात नेली, का माहा पत्ता बदलला?’’

‘‘हो.’’

‘‘मंग राहू दे,’’ म्हणाले आणि कूस बदलली.

पंचायतीकडे तक्रारी वाढल्या तेव्हा तोडगा निघाला, की नव्या नावाखाली कंसात जुनं नाव लिहायचं. झालं! चिंचेच्या आधी तिथे विहीर होती, म्हणून ती विहिरीची गल्ली, असं एका बाजूचे म्हणू लागले. विहीर दुसऱ्या बाजूच्यांनी बुजवली होती, म्हणून त्यांना चिंचच हवी. चक्कीच्या गल्लीत तर चक्की कोणत्या भावाची होती यावर कोर्टात तारखा चालू आहेत. नावं ठरवायला जे 100 लोक जमले नाहीत, ते कंसासाठी दुप्पट जमले. मंडप कमी पडला.

पेंटर अक्षरामागे पैसे घेतो. दोन्ही बाजूंचा मान राखून सगळीच जुनी नावं लिहावीत, असं त्याचं प्रामाणिक मत आहे.