एकच चौसष्ट की दोन बत्तीस?

मेमरी कार्डावर सगळं लिहिलेलं असतं, फक्त त्यात फोटो किती मावतील तेवढं सोडून. ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद. एवढ्याशा जागेत कंपनीचं नाव, क्षमता, ‘सी’च्या पोटात १०, ‘यू’च्या पोटात ३, ‘व्ही’च्या शेजारी ३०, आणि उरलेल्या कोपऱ्यात एक रोमन आकडा. चष्मा लावून वाचलं तर अक्षरं दिसतात, अर्थ तरीही दिसत नाही.

हे वाचायची वेळ माझ्यावर ताडोबामुळे आली. तिथे सफारीला मोबाइल नेऊ देत नाहीत. बायकोने हा नियम मोठ्याने वाचून दाखवला आणि संध्याकाळी माळ्यावरचा कॅमेरा खाली आला. ठणठणीत होता बिचारा. जुनं कार्ड मात्र कोणत्या तरी लग्नात हरवलेलं. “एक कार्ड तेवढं घेऊन या, येताना दूधही आणा,” ती म्हणाली. दूध लगेच आलं.

कार्ड मात्र रखडलं, कारण मध्ये मेहुणा आला. तो भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या बाबतीत आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा. “दाजी, क्षमता नंतर बघा, आधी वेग बघा.” मग त्याने मला आकडे शिकवले. सी १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. यू १ म्हणजेही दहाच. व्ही १० म्हणजेही दहाच. यू ३ आणि व्ही ३० म्हणजे दोन्ही तीस. एकाच माणसाला घरी बाळ्या, ऑफिसात साहेब आणि आधार कार्डावर बाळकृष्ण म्हणावं, आणि तिन्ही नावं त्याच्या शर्टावर छापावीत, तसला हा प्रकार. बरं, हे आकडे मुळात व्हिडिओसाठी ठरवलेले. आम्ही व्हिडिओ काढणारच नव्हतो. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे रोहित पक्ष्याच्या वरताण मान वाकडी करून पाहिलं.

“वाघ आला की बोट बटणावरून काढायचं नाही,” तो म्हणाला. कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढतो, रॉमधला, म्हणजे कच्चा, काहीही प्रक्रिया न केलेला एक फोटो साधारण २५ एमबीचा, म्हणजे सव्वाशे एमबी झाले. कार्ड हमी देतं तिसाची. उरलेले फोटो कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या वेटिंग रूममध्ये, ताटकळत बसतात, आणि बफर भरला की कॅमेरा संपावर जातो. लाल दिवा लुकलुकत राहतो. वाघाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

एवढं ज्ञान घेऊन मी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार म्हणाला, “साहेब, हे घ्या. १७० चं आहे.”

“लिहिण्याचा वेग १७०?”

“वाचण्याचा.”

म्हणजे कार्डातून फोटो बाहेर काढतानाचा. वाघ समोर असताना फोटो आत जायचे असतात हो! आत जाण्याचा वेग पाकिटाच्या मागे, मुंगीने लिहावा तेवढ्या अक्षरांत होता. शिवाय कोपऱ्यातला तो रोमन एक म्हणजे यूएचएस-१, कार्ड आणि कॅमेरा यांच्यातल्या रस्त्याची जात, आणि त्या रस्त्याची ठरलेली मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. १७० हवे असतील तर त्याच कंपनीचा खास रीडर वेगळा घ्यायचा. हे मी दुकानदाराला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, “कार्ड घ्यायला आलायत की परीक्षा घ्यायला?” मी घरी परतलो. चर्चेशिवाय खरेदी करण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

चर्चेचा विषय आता क्षमता हा होता. मी ६४ जीबीच्या बाजूचा. त्यात साध्या जेपेगचे, म्हणजे कॅमेऱ्याने आटवून लहान केलेले, पाच-सहा हजार फोटो बसतात. रोलच्या काळात ३६ फोटोंत आमचं अख्खं महाबळेश्वर बसायचं, आणि ३७ वा निघाला तर वडील तो गाडीच्या ड्रायव्हरचा काढायचे. पण मेहुणा म्हणाला, दोन ३२ ची घ्या, एक बिघडलं तर दुसरं राहील. मी म्हणालो, दोन कार्डं म्हणजे बिघाडाची शक्यता दुप्पट आणि नुकसान निम्मं, हिशेब तिथल्या तिथे.

“आणि वाघ कुठल्या निम्म्यात आहे?” बायकोने विचारलं.

यावर गणिताकडे उत्तर नाही.

तिने मग ६४ या आकड्यावरच संशय घेतला. कॉम्प्युटरला लावलं की ६४ चं कार्ड ५९ दाखवतं, हे तिला मेहुण्यानेच सांगितलं होतं. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि आपला विंडोजवाला कॉम्प्युटर १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. दोघंही खरं बोलतात. “म्हणजे पाच जीबी कोणीच खाल्ले नाहीत आणि तरी नाहीत,” ती म्हणाली. ती सोसायटीची खजिनदार आहे, तिला असे हिशेब नवे नाहीत.

सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा, आग्रह निराळाच. स्टेशनवरच्या एक्स-रे मशीनमधून कार्ड न्यायचं नाही, फोटो धुरकट होतात. ही भीती रोलची. कार्डाला त्या मशीनने काही होत नाही. अप्पांना समजावण्यापेक्षा कार्ड खिशात ठेवणं सोपं. चंद्रपूरच्या उन्हाचीही त्यांना काळजी. कार्डं ८५ अंशांपर्यंत तग धरतात. मेमधल्या सफारीत माझी तेवढी खात्री देता येत नव्हती.

फुटपाथवर मिळणारं स्वस्तातलं ५१२ जीबीचं कार्डही कोणीतरी सुचवलंच. असल्या कार्डाच्या आत आठ जीबी असतात आणि ते कॅमेऱ्याला ५१२ सांगतं. आठ भरले की पुढचे फोटो घेतल्यासारखं करतं आणि घेत नाही. कॅमेरा भोळा, विश्वास ठेवतो.

शेवटी आम्ही सगळेच दुकानात गेलो. ३२ आणि ६४ यांच्या किमतींत फारसा फरक नव्हता, तेव्हा दोन ६४ ची घेतली. दोन्ही पक्ष आपणच जिंकलो असं समजून होते. दुकानदाराने दहा वर्षांची वॉरंटी सांगितली. कार्ड गेलं तर नवीन कार्ड मिळतं. आतल्या वाघाचं काय, हे मी विचारणार होतो, पण त्याने माझ्याकडे आधीच पाहून ठेवलं होतं.

“बिल जपून ठेवा,” तो म्हणाला. बिल त्या गुळगुळीत कागदावरचं, ज्याची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. दहा वर्षांची वॉरंटी आणि दिवाळीपर्यंत टिकणारं बिल.

“अहो, फोटो काढून ठेवा ना बिलाचा,” बायको म्हणाली, आणि नवं कार्ड तिने तिथेच कॅमेऱ्यात सरकवलं.

“पण कार्डच बिघडलं तर बिल कुठून दाखवणार?”

“त्यासाठीच तर दोन घेतलीत,” ती म्हणाली, आणि बिलाचा दुसरा फोटो दुसऱ्या कार्डात काढायला लावला.