बिल कुणाचं, व्याज कुणाचं

औद्योगिक वसाहतीतल्या प्लॉटवर आलेल्या नोटिशीचा विषय शालनताईंनी काढलाच नव्हता. काढला प्लॉटांची दलाली करणाऱ्या बंडूने, तोही नेहमीसारखे दोन फोन मांडीवर ठेवून, तिसऱ्याच कुणाच्या प्लॉटचं सांगता सांगता.

"ताई, तुमच्या अख्ख्या ओळीला वाढीव मोबदल्याची वसुली आली म्हणे. भरून टाका, विचार करू नका. मार्केटला प्लॉटचा भाव कुठे गेलाय माहितीय ना?"

"भाव विकणाऱ्याला असतो, बंडू. मला तिथे पॉवर प्रेस चालवायची आहे. प्लॉट महाग झाला म्हणून माझ्या वॉशरला कुणी दहा पैसे जास्त देतं का?"

बंडू हसला, पण कट्ट्याच्या टोकाला बसलेले अण्णा हसले नाहीत. त्यांची चार एकर जमीन याच वसाहतीत गेली. वाढीव मोबदल्याची केस लावली तेव्हा त्यांचा मुलगा शाळेत होता, निकाल लागला तेव्हा नातू शाळेत जात होता.

"म्हणजे आमचा मोबदला आता तुम्हाला जड झाला म्हणायचं."

"तुमचा नाही हो अण्णा. तुम्हाला तो पहिल्याच दिवशी मिळायला हवा होता. मग मी प्लॉट घेतानाच पूर्ण किंमत कळली असती. परवडला असता तर घेतला असता, नाहीतर दुसरीकडे भाड्याने शेड बघितली असती."

इथे मला थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण या वादात लोक अण्णांना एका बाजूला आणि ताईंना दुसऱ्या बाजूला उभं करून मोकळे होतात. दोघांचं भांडण मुळात एकमेकांशी नाहीच. जमीन घेताना सरकारने कमी भाव लावला, त्या कमी भावावर प्लॉटची किंमत ठरवली, आणि कोर्टाने भाव वाढवल्यावर फरकाचं बिल प्लॉटधारकाच्या दारात नेऊन टाकलं. मधला जो आहे, त्याला झळ कुठे लागली ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

वकीलबाई उशिरा आल्या आणि आल्या आल्या मानेसरवर घसरल्या. हरियाणातल्या त्या औद्योगिक वसाहतीचं भूसंपादन 1994 चं. 1997 च्या सरकारी निवाड्यात एकराला साधारण 4 लाख 13 हजार दिले. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथल्याच जमिनीला एकरी 20 लाख लावले. पुढच्या टप्प्यांच्या जमिनींचेही खटले झाले, आणि वाढलेल्या रकमेची वसुली निघाली प्लॉटधारकांवर.

"मग ते कोर्टात गेले की नाही?" ताईंनी विचारलं.

"गेले ना. भाव ठरवताना आमचंही ऐका, म्हणाले. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, संपादन झाल्यावर ज्याला प्लॉट मिळाला तो मोबदल्याच्या दाव्यात आवश्यक पक्षकार नाही, योग्य पक्षकारही नाही. त्याआधी 2015 ला कर्नाटकातल्या कंपनीलाही हेच ऐकावं लागलं."

"म्हणजे लग्नाला बोलावणं नाही, आहेर न्यायला मात्र माणूस घरी," ताई म्हणाल्या.

अण्णाही हसले. पण वकीलबाईंनी निकालाची बाजू सोडली नाही, आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. वसाहतीतले शे-दोनशे प्लॉटधारक प्रत्येक शेतकऱ्याच्या दाव्यात वकील घेऊन उभे राहिले, तर शेतकऱ्याला हयातीत पैसा दिसणार नाही. शिवाय ज्या संस्थेसाठी जमीन घेतली, तिला बाजू मांडायचा हक्क 1994 मध्येच मिळालाय. प्लॉटधारकाच्या वतीने तिनेच भांडायचं, तिनेच वेळेत मिटवायचं.

"पण ती कशाला मिटवेल?" ताई ताडकन म्हणाल्या. "ज्याच्या खिशातून एक रुपया जाणार नाही, त्याला घाई कसली? वीस वर्षं लागली तरी बिल मलाच येणार आहे."

यावर कुणीच काही बोललं नाही. नानासुद्धा. नाना म्हणजे आमचे भूसंपादनातून निवृत्त झालेले, ज्यांच्यासाठी जगातली प्रत्येक अडचण 'प्रक्रियेत' असते.

मग वकीलबाईंनी नोटिशीच्याच मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने हिशेब मांडला. तो जसाच्या तसा देतो, कारण मला स्वतःला याची इतकी उकल आधी झाली नव्हती. जुन्या 1894 च्या कायद्याची रीत धरू. कोर्टाने समजा 1 लाखाची वाढ दिली. त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दल वर द्यायचे पैसे, झाले 1 लाख 30 हजार. ताबा गेल्यापासून पहिल्या वर्षी 9 टक्के व्याज, त्यानंतर दरसाल 15. दिलासा रकमेवरही व्याज द्यावं लागतं, हे 2001 मध्ये घटनापीठाने पक्कं केलं. निकालाला 10 वर्षं लागली तर 9 आणि नऊ वर्षांचे 135, एकूण 144 टक्के. व्याज 1 लाख 87 हजार 200. एकूण 3 लाख 17 हजार 200.

"बघा," पेन्सिलीचं टोक व्याजाच्या आकड्यावर आपटत ताई म्हणाल्या, "यात जमीन आहे 1 लाखाची. बाकीच्यात मोठा वाटा उशिराचा. जमिनीचे पैसे देईन मी, अण्णांच्या दिलाशाचेही देईन. उशीर कुणी केला त्याने उशिराचे द्यावेत."

"व्याज आमच्या हक्काचं आहे," अण्णा म्हणाले.

"शंभर टक्के तुमच्या हक्काचं. तुम्हाला मिळणारच. कुणी द्यायचं एवढाच प्रश्न."

नाना शेवटी बोललेच. "अहो, आम्ही काय मनाने भाव लावायचो? मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं काढायची, सरासरी बघायची. कागदावर जे आहे तेच लिहिणार ना?"

"आणि कागदावर काय असायचं?" अण्णा उसळले. "स्टँप वाचवायला निम्मी किंमत लिहायची, बाकीची पिशवीतून. तोच निम्मा आकडा आमच्या बोडक्यावर. ती खतं लिहून देणारा कोण होता, सांगू का? बंडूचा बाप!"

बंडूने एक फोन कानाला लावला. वाजला नव्हता, तरी लावला.

त्यानंतर गाडी बराच वेळ बंडूच्या घराण्यावर राहिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. फोन खाली ठेवल्यावर त्याने आपलं ठेवणीतलं काढलं. "म्हणून म्हणतो, प्लॉटांचा सरसकट लिलाव करा. मार्केट ठरवेल. सरकारला भाव कळत नाही, मार्केटला कळतो. मार्केट इज..."

"बंडू, मार्केटची माळ पुरे," वकीलबाई म्हणाल्या. "2012 मध्ये राष्ट्रपतींनी पाठवलेल्या प्रश्नावर घटनापीठाने सांगितलंय, लिलाव हा एकमेव मार्ग नाही. हां, बंद दाराआड मर्जीतल्यालाही देता येत नाही, तेही 2011 चं मध्य प्रदेशाचं प्रकरण आहे. पद्धत कोणतीही ठेवा, कारण दाखवता आलं पाहिजे."

"आणि सगळंच लिलावात घातलंत," ताई म्हणाल्या, "तर प्रेसवाले, लेथवाले जातील आणि प्लॉट अडवून बसणारे उरतील. तुझी दुकानदारी मात्र जोरात."

"दुकानदारी कसली! जीएसटीने मेलो होतो आम्ही. प्लॉटचा भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावावर केला तरी 18 टक्के! ते बरं गुजरात हायकोर्टाने जानेवारी 2025 मध्ये चूक ठरवलं." कोर्टाचा निकाल बंडूला तोंडपाठ असलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

नाना मग सिंगूरवर गेले. सगळं कोर्टाच्या हातात दिलं की कारखाने पळतात, असं त्यांचं. पण सिंगूरचा हिशेब उलटाच सांगतो. 2006 मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला टाटांच्या मोटार कारखान्यासाठी हजारेक एकर जमीन घेतली, सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये ते संपादन रद्द करून जमीन शेतकऱ्यांना परत दिली, आणि 2023 मध्ये लवादाने टाटा मोटर्सला 765.78 कोटी आणि वर व्याज द्यायला तिथल्या औद्योगिक महामंडळाला सांगितलं. संपादन घाईत, चुकीच्या रीतीने करायचं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याची किंमत जनतेने मोजायची. मला तर यात कोर्टाचा दोष कुठेच दिसत नाही.

अण्णांनी नागपूरचं प्रकरण काढलं, त्यांना ते पाठ आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचा सात न्यायमूर्तींचा निकाल. नागपूर सुधार प्रन्यासच्या कायद्यात दिलासा रक्कम नव्हती. कोर्ट म्हणालं, जमीन कोणत्या कायद्याखाली गेली याच्याशी मालकाला काय देणंघेणं, त्याची तर गेलीच ना. "हे जिथे तिथे पाटीवर लिहून लावा," असं अण्णा दरवेळी म्हणतात आणि दरवेळी मला ते पटतं.

ताईंना पुढे काय करायचं तेवढंच हवं होतं. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, करारात वाढीव मोबदला भरायचं कलम आहे आणि सही आहे. सही केल्यावर भाव जास्त म्हणून गेलात तर कोर्ट सहसा हात घालत नाही. दिल्लीच्या घरांचा 1979 चा निकाल आहे, बरेलीचा 1989 चा आहे. "भावावर भांडू नका, हिशेबावर भांडा. मूळ वाढ किती, दिलासा किती, व्याज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, वसाहतीतले रस्ते आणि मोकळ्या जागा कुणाच्या वाट्याला घातल्या, सगळं वेगवेगळं मागा. लेखी. निकाल लागल्यावर कोर्टात पैसे भरायला किती महिने लावले, तेही विचारा."

"आणि मी देतो माझ्या निकालाची नक्कल," अण्णा म्हणाले. "तारखा सगळ्या आहेत त्यात."

शेतकरी प्लॉटधारकाला कागद देतोय, हे मी या कट्ट्यावर आधी पाहिलेलं नव्हतं. सरकारी बाजूला सगळ्यात नको असणार ते हेच.

नानांना ते बोचलं असावं. "नक्कल देताय तर पंचनाम्याचीही द्या. आम्ही एकेक झाड मोजलं होतं तुमचं."

"मोजलंस? नान्या, माझे सहा आंबे तू झुडपं म्हणून लिहिलेस!"

"लहान होते ते तेव्हा."

"लहान? एप्रिल महिना, दुपारी दोनची वेळ. तू, तलाठी आणि दोन पंच, चौघं सावलीत खुर्च्या टाकून बसला होतात पंचनामा लिहायला. कशाच्या सावलीत रे?"

नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बंडू इतका खदखदून हसला की एक फोन कट्ट्यावरून खाली गेला, आणि शालनताई डोळे पुसत म्हणाल्या, "नाना, त्या झुडपाचं वय किती लिहिलं होतंत हो?"