फोन करून कळवतो

पिंट्याने मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोर फिरवला. "हे बघा बे. बायोडाटा एकच, नावं दोन. हबिबा अली नि प्रियांका शर्मा. प्रियांकाला 208 ठिकाणांहून उत्तर, हबिबाला 103."

"2022 ची पाहणी हाय ती. आत्ता पोचली व्हय तुझ्यापर्यंत?" यास्मिन म्हणाली. "मी बीकॉम झाल्यापासून हीच पाहणी करायलेय. फक्त माझ्याकडं प्रियांका नाही."

अप्पांनी घसा खाकरला. अप्पा म्हणजे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, गळ्यात चष्म्याची दोरी आणि प्रत्येक वाक्याच्या आधी तेच पालुपद. "मी जातधर्म काही मानत नाही. पण गिऱ्हाईक मानतं ना! आता काउंटरला डोक्यावर ओढणी घेतलेली मुलगी बसली तर..."

"अप्पा, तुमच्या आईंचा पदर मी कधी डोक्यावरनं ढळलेला बघितला नाही. दुकानात बसायच्या की त्या. गिऱ्हाईक पळालं का?"

"ते संस्कार होते."

"बरोबर. आमच्या डोक्यावर आला की त्याचा प्रॉब्लेम होतोय."

श्रीनू गेली कित्येक वर्षं एलएलबी करतोय. त्याला राहवेना. "कलम 16! धर्म, लिंग बघून नोकरी नाकारता येत नाही!"

"सरकारी नोकरी, श्रीनू. अप्पांचा कारखाना सरकारी हाय का? म्हणून तू पास होईनास."

मग तिने मागच्या आठवड्यातला इंटरव्ह्यू सांगितला. टॅली उघडून दिलं, हिने जीएसटीच्या एन्ट्र्या मारून दाखवल्या. साहेब खूश, चहा सांगितला. मग फाइल उलटून त्यांनी पूर्ण नाव वाचलं. पोऱ्या कप घेऊन दारात आला होता, त्याला साहेबांनी हातानेच परत पाठवलं. "वर विचारतात, ईदला किती सुट्ट्या घेणार? गड्ड्याच्या जत्रेला त्यांचं निम्मं ऑफिस गायब असतंय, ते मी विचारलं का? आणि शेवटी काय, तर 'फोन करून कळवतो'."

"मग घरातनंच काहीतरी कर की," पिंट्या.

"घरात चाचा हायेत. ते म्हणतात, नोकरी केली की लग्न जमत नाही. साहेब म्हणतात, लग्न जमलं की नोकरी सोडशील. दोघांना एका खोलीत बसवलं तर सोयरीक होईल त्यांची."

अप्पा पुन्हा सरसावले. "आमच्याकडे तसं नाही हां. विजापूर वेशीतल्या किती बायका माझं काम करतात!"

"माहितीय. माझी चाचीच टॉवेलच्या कडा शिवते, डझनावर. गठ्ठा घरी, मशीन तिचं, लाईट बिल तिचं. तिच्या हातचं चालतंय, कारण टॉवेलवर तिचं नाव नसतंय. मी बिलावर सही करणार, तिथं अडतंय. पिंट्या, तू काय हसतोस? तुझ्या कानावरची विडी कुणी वळली, विचारलंस कधी?"

पिंट्याने विडी काढून खिशात घातली.

(अप्पा मनाने वाईट नाहीत, असं म्हणायची आमच्या कट्ट्यावर पद्धत आहे. मीही म्हणतो. चहाचे पैसे तेच देतात.)

"अगं, मी दर 12 जानेवारीला चार पुतळ्यापाशी हार घालतो! हिंदू-मुसलमान एकत्र फासावर गेले, 1931 साली, येरवड्याला. भाषण पाठ आहे माझं."

"पाठ हाय ना? मग सांगा, त्या चौघांतले कुर्बान हुसेन तुमच्याकडं अर्ज घेऊन आले असते तर?"

अप्पांनी चष्मा पुसायला घेतला. श्रीनू हळूच म्हणाला, "फोन करून कळवतो." चहावाला मल्लूसुद्धा किटली खाली ठेवून हसायला लागला.

"बरं बरं," अप्पा कावले, "उद्या ये ऑफिसात. हिशेबाला माणूस पाहिजेच आहे."

"पगार किती?"

"बघू की."

"मग मीच फोन करून कळवते."

आता कुणावर तरी राग काढायला हवाच होता. अप्पा वळले पिंट्याकडे. "आणि तू रे? बहिणीच्या लग्नाला नेलेल्या जेकार्ड चादरींचे पैसे?"

पिंट्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "अप्पा, मी जात, धर्म, उधारी काहीच मानत नाही."