ब्राझीलचा धडा ब्राझीलच्याच तोंडून

'जागतिक दृष्टिकोन' शिकवायचा म्हटलं की शिक्षकांच्या ग्रुपवर लगेच विचारणा सुरू होते: कुणाकडे तयार पीडीएफ आहे का? मग संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांचे रंगीत चौकोन येतात, त्यांचा तक्ता होतो, तो भिंतीवर लागतो आणि विषय संपतो. माझं मत स्पष्ट आहे. मराठी शाळेला यासाठी वेगळं किट नको. २०१८ साली आलेलं दहावीचं भूगोलाचं पुस्तक अख्खंच्या अख्खं भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर बेतलेलं आहे. एक परका देश वर्षभर वर्गात येऊन बसलेला असताना जग शोधायला आणखी कुठे जायचं? कमी आहे ती एकाच गोष्टीची. त्या देशाची माणसं स्वतःबद्दल काय सांगतात, ते आपण वर्गात आणत नाही.

नेटवर 'ब्राझील' शोधलं की कार्निव्हल, फुटबॉल, जळणारं ॲमेझॉन आणि डोंगरउतारावरच्या झोपडपट्ट्या, म्हणजे फावेला, एवढंच पुढे येतं. यातलं बरंचसं बाहेरच्यांनी, बाहेरच्यांसाठी टिपलेलं. म्हणून एक साधा नियम पाळावा: एका धड्यासाठी पाच साधनं घेतली, तर त्यातली निदान तीन ब्राझीलमध्ये तयार झालेली हवीत.

सुरुवात आयबीजीईपासून करा. ही तिथली सरकारी भूगोल व सांख्यिकी संस्था. आपल्याकडे जनगणना एका खात्याकडे आणि नकाशे दुसऱ्याकडे. तिथे दोन्ही एकाच छपराखाली, त्यामुळे शिक्षकाचं काम सोपं होतं. मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी 'आयबीजीई एदुका' नावाचा वेगळा विभाग आहे, तोही फुकट. आता फावेलांचंच घ्या. आकडा सांगण्याआधी मुलांना विचारा, ब्राझीलमधली शंभर माणसं घेतली तर त्यातली फावेलात राहणारी किती? फोटो पाहून मुलं चाळीस-पन्नास सहज म्हणतील. २०२२ च्या जनगणनेचं उत्तर आहे ८.१ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ६४ लाख लोक. मग बृहन्मुंबईचा २०११ चा आकडा फळ्यावर लिहा: दहापैकी साधारण चार. दोन्ही देशांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, हे तिथल्या तिथे सांगायचंच. पण इंटरनेट ज्या देशाला झोपडपट्ट्यांचा म्हणून दाखवतं तो कोणता आणि हे चित्र कुणी काढलं, हा प्रश्न मुलांच्या डोक्यात शिरला की तास वसूल.

इथे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला आकड्यांचा. पोर्तुगीजमध्ये टिंब आणि स्वल्पविराम आपल्या उलट वापरतात. लोकसंख्या २०३.०८०.७५६ अशी छापलेली असते, म्हणजे वीस कोटी एकतीस लाखांच्या आसपास; आणि ८,१ म्हणजे आठ पूर्णांक एक. आकडे तसेच फळ्यावर उतरवले तर वर्गात गोंधळ ठरलेला. दुसरा घोटाळा परीक्षेचा. पुस्तकातली आकडेवारी जुन्या जनगणनांवरची आहे आणि पेपर त्यावरच तपासला जाणार. म्हणून वहीत दोन रकाने करून घ्या, एक 'पुस्तकातला', एक 'आजचा'. नाहीतर हुशार मुलाचेच मार्क जायचे.

भाषेची धास्ती नको. फोनचा कॅमेरा पानावर धरून भाषांतर मिळतं, पण थेट मराठीत घेतलं तर वाक्यं बऱ्याचदा मोडतात. आधी इंग्रजीत घ्या आणि खालची दोन ओळींची मराठी स्वतः लिहा. गोवा-सिंधुदुर्गकडच्या शाळांना पोर्तुगीज जाणणारं माणूसही मिळू शकतं. गोवा विद्यापीठात त्या भाषेचा विभाग आहे.

नकाशाच्या तासाला आयबीजीईनेच छापलेला जगाचा नकाशा घ्या. २०२४ मध्ये त्यांनी ब्राझील मध्यभागी ठेवला आणि २०२५ मध्ये तर दक्षिण वर करून जग उलटं टांगलं. तिकडेही त्यावरून वाद झाला, आणि तोच वाद वर्गात घडवायचा आहे. सोबत नेहमीचा मर्केटरचा, म्हणजे ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणारा, नकाशा ठेवा. त्यात ग्रीनलंड ब्राझीलपेक्षा मोठं दिसतं. प्रत्यक्षात ते सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि ब्राझील ८५ लाख, जवळजवळ चौपट. ट्रेसिंग पेपरवर दोन्ही गिरवून घेतलं की वेगळं समजावायची गरज उरत नाही. एक खबरदारी मात्र घ्या: परदेशी नकाशांत भारताची सीमा आपल्या अधिकृत सीमेसारखी नसते. भिंतीवर भारताचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचाच लावा आणि परदेशी नकाशा तासापुरता दाखवून काढून ठेवा.

माझ्या मते सगळ्यात जास्त माल आहे तो उसात, आणि पश्चिम महाराष्ट्र-मराठवाड्यातल्या मुलांना तो शिकवावाही लागत नाही. ब्राझील हा जगातला सर्वांत मोठा ऊस उत्पादक. तिथल्या मध्य-दक्षिण भागातला गळीत हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर, म्हणजे आपले बॉयलर थंड असतात तेव्हा. हे उलटं का, एवढ्या एका प्रश्नात हवामानाचा अख्खा पाठ बसतो. १९७५ मध्ये, तेलाच्या भाववाढीनंतर, तिथल्या सरकारने उसापासून इथेनॉलचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तोडणीआधी फड पेटवायची पद्धत होती. साओ पावलो राज्यात त्यावर बंधनं आली तशी यंत्रं आली, आणि आता तिथली बहुतेक तोडणी यंत्रानेच होते. हवा सुधारली, हातांचं काम गेलं. बीडच्या तोडणी मजुराच्या मुलाला यातलं दुसरं वाक्य पहिल्याआधी दिसतं. त्याचं म्हणणं वर्गात यायला हवं, पण 'तुझे आईबाबा तोडणीला जातात ना?' असं विचारून कधीच नाही. प्रश्न सगळ्या वर्गाला टाका, बोलायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

इथेच आणखी एक सापळा आहे. ब्राझीलच्या साखर-इथेनॉलवर चकचकीत इंग्रजी माहिती देणारी 'युनिका' ही संस्था कारखानदारांची आहे. ती वापरा, पण तिचा आवाज म्हणजे सगळ्या ब्राझीलचा आवाज नव्हे. शेजारी 'आझेन्सिया ब्राझील' या सार्वजनिक वृत्तसंस्थेची एखादी बातमी ठेवा; ती इंग्रजीतही मिळते आणि श्रेय देऊन वापरता येते.

जंगलतोडीसाठी 'मॅपबायोमास' बघा. ब्राझीलमधल्याच संशोधकांच्या या प्रकल्पात १९८५ पासूनचे दरवर्षीचे भूवापराचे नकाशे आहेत. शाळेच्या नेटवर हे पान रडतखडत उघडतं, म्हणून रोंडोनिया राज्याची तीन वर्षं, १९८५, २००५ आणि अलीकडचं एक, यांचे स्क्रीनशॉट घरीच काढून ठेवा. रस्त्याला फुटलेले माशाच्या काट्यासारखे फाटे लांबूनही ओळखू येतात. मात्र ब्राझीलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून तास संपवू नका. त्याच तासाला गूगल अर्थच्या टाइमलॅप्सवर उलव्याची टेकडी दाखवा, नवी मुंबईच्या विमानतळासाठी सपाट केलेली.

घरांच्या फोटोंसाठी गॅपमाइंडरचं 'डॉलर स्ट्रीट' उत्तम. साधन स्वीडनचं असलं तरी कुटुंबांचा चुलाही दिसतो, दात घासायचा ब्रशही, आणि एकाच देशातली गरीब-श्रीमंत घरं शेजारी ठेवता येतात. त्यावर प्रत्येक कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न डॉलरमध्ये दिलेलं असतं; त्याला बाजारातल्या विनिमय दराने गुणू नका. ते क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या देशातल्या किमतींना किती विकत घेता येतं यावरून, काढलेले डॉलर आहेत. भारतापुरता एक डॉलर ढोबळमानाने वीस-बावीस रुपयांचा धरायचा. ४८ मुलांच्या वर्गाला सहाचा एक असे आठ गट आणि आठ रंगीत प्रिंट पुरतात. देशाचं नाव मागच्या बाजूला लिहा, नाहीतर मुलं फोटो न बघता नाव वाचून उत्तर देतात.

ब्राझीलमधल्या शाळेशी व्हिडिओ कॉल करायचा हट्ट सोडा. ब्राझिलियाची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात आणि शाळा सुटलेली असते. त्यापेक्षा दोन-तीन मिनिटांचे आवाजाचे निरोप आणि हातांनी काढलेली चित्रं पाठवा. चेहरे नकोत, आडनावं नकोत, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या. विषय दोन्हीकडे पोचणारा हवा: काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आला, आणि तिथल्या नेलोर गुरांचे पूर्वज आंध्रातून गेले. किंवा शाळेतलं जेवण. तिथल्या २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के पैसा छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करायचं बंधन घातलं; २०२६ पासून ते ४५ टक्के झालं. आपल्या खिचडीतला तांदूळ कुठून येतो, ते मुलांनी शोधून कळवावं. पहिला निरोप ऑगस्टमध्ये धाडा. त्यांचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतं आणि जुलैत हिवाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे जूनअखेरीस पाठवलेलं बहुधा तसंच पडून राहतं.