सायकल ट्रॅक रिकामे दिसतात, कारण ते अर्धवट सोडलेले असतात

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. ओस पडलेल्या सायकल ट्रॅकचा फोटो आणि खाली मजकूर: ‘इथे चिटपाखरू नाही आणि म्हणे शहरभर जाळं विणायचं! आधी एक मार्ग चालवून दाखवा. एवढ्या उन्हात सायकल कोण मारणार? रस्ता अरुंद झाला की कोंडी वाढणार, दुकानांचा धंदा बसणार.’ फोटो खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

असाच एक ट्रॅक मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला. सुरुवात गुळगुळीत. मग मधोमध विजेची डीपी, म्हणजे वीतभर उंचीवरून थेट रहदारीत उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. पुढे दुचाक्या घुसू नयेत म्हणून लोखंडी खांब, तेही इतके जवळजवळ की व्हीलचेअर जाणार नाही, बाबागाडीही नाही. आणि चौक दिसू लागला तसा ट्रॅकच संपला. गाड्या चारी बाजूंनी वळतात, जीव सर्वांत जास्त धोक्यात असतो, नेमकं तिथेच. मुलाच्या सायकलचं हँडल धरून एक बाई तिथे उभी होती. सिग्नल दोनदा सुटला. ती निघाली नाही, शेवटी परत फिरली.

शाळा तीन किलोमीटरवर असेल आणि त्यातले शंभर मीटर जीवघेणे असतील, तर पोराला सायकलवर पाठवायचं की नाही हे त्या शंभर मीटरवरच ठरतं. उरलेला रस्ता कितीही चांगला असो. मेसेजमधल्या रिकाम्या ट्रॅकचं कारण शोधायचं तर त्याच्या पुढचा चौक बघावा लागतो.

‘आधी एक मार्ग चालवून दाखवा’ हा आग्रह ऐकायला रास्त वाटतो, पण तो प्रयोग झालेला आहे. नेदरलँड्समध्ये 1970च्या दशकात हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक नमुना मार्ग बांधला गेला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या, पण त्यातले बरेच जण शेजारच्या रस्त्यांवरून तिकडे वळलेले होते. शहरातल्या एकूण सायकल-वापरात फारसा फरक पडला नाही. त्यानंतर डेल्फ्टमध्ये अख्ख्या शहराचं जाळं आखलं गेलं. दूर जाणारे मुख्य मार्ग साधारण 500 मीटरच्या अंतराने, त्यांच्या मधे विभागातले, त्यांच्याही मधे गल्लीबोळातले. बरंचसं काम नवे मार्ग बांधण्याचं नव्हतंच, तुटलेले दुवे सांधण्याचं होतं. तिथे सायकलींचा मुळातच मोठा असलेला वाटा आणखी वाढला.

उन्हाचं उत्तर स्पेनमधल्या सेव्हिलने दिलंय. तिथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि पूर्वी सायकली जवळपास नव्हत्याच. 2006च्या सुमारास तिथे एका दमात सुमारे 80 किलोमीटरचं सलग, गाड्यांपासून वेगळं काढलेलं जाळं उभं राहिलं आणि काही वर्षांतच सायकलींची वर्दळ कित्येक पटींनी वाढली. सावलीची झाडं हवीतच, त्यावर वाद नाही. पण आधी सलग रस्ता हवा.

आता कोंडी. अमेरिकेतल्या शहर-वाहतूक अधिकाऱ्यांची ‘नॅक्टो’ ही संघटना जे आकडे देते ते असे: साधारण तीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेतून खासगी गाड्यांनी तासाला 600 ते 1,600 माणसं जाऊ शकतात, तेवढ्याच रुंदीच्या सुरक्षित सायकल मार्गावरून 7,500 आणि पदपथावरून 9,000. ही क्षमता आहे, प्रत्यक्षात तेवढी माणसं रोज जातीलच असं नाही. पण जागा वाया जाते म्हणणाऱ्याने ही तुलना टाळून चालणार नाही.

दुकानदारांच्या धास्तीत एक भाग खरा आहे: माल उतरवायला टेम्पो उभा करायची जागा लागते. ती आराखड्यात आखून द्यावी, वेळाही ठरवाव्यात. बाकी दुकानासमोर दिवसभर उभी असलेली एक गाडी म्हणजे फार तर चार-पाच गिऱ्हाइकं, आणि बहुतेकदा तीही नाहीत.

मला खरी चीड येते ती मेसेजमध्ये नसलेल्या एका गोष्टीची. आहे त्याच फुटपाथवर पिवळी रेघ मारायची आणि अर्ध्याला सायकल ट्रॅक म्हणायचं. चालणारा ताशी पाच किलोमीटरने जातो, सायकल पंधराने. काठी टेकत चाललेल्या आजोबांच्या मागून घंटी वाजली की ते दचकून नेमके सायकलच्याच बाजूला सरकतात. आपल्या शहरांत पायी चालणारे मोठ्या संख्येने असतात. त्यांची जागा तोडून केलेल्या ट्रॅकला मी विरोधच करीन. सायकलची जागा गाड्यांच्या रुंदीतून काढायची, फुटपाथमधून नाही. म्हणून योजना हरकतींसाठी खुली झाली की मी किलोमीटरचा आकडा विचारत बसत नाही, प्रत्येक चौकाचा आणि प्रत्येक फुटपाथचा छेद-नकाशा मागतो, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत कुणाला किती जागा दिली ते दाखवणारा नकाशा.