साडेपाच वर्षांच्या पोराची मुलाखत कसली घेता?

आज दुपारी एका नातेवाइकांकडे गेले होते. त्यांचा नातू साडेपाच वर्षांचा, जूनमध्ये पहिलीत जाईल. त्याला हॉलच्या मधोमध उभं करून आजी, आई आणि आत्या प्रश्न विचारत होत्या, व्हॉट इज युवर फादर्स नेम, टेल मी फाइव्ह फ्रुट्स. का, तर एका मोठ्या शाळेत 'इंटरॅक्शन', म्हणजे प्रवेशाआधीची मुलाखत आहे. पोरगं चौथ्या फळाला अडकलं. समोरच्या ताटलीत द्राक्षं होती, त्याला ती माहीतही होती, फक्त 'ग्रेप्स' आठवेना. शर्टाचं बटण पिरगाळत उभा. आई म्हणाली, "मॅमसमोर असाच गप्प राहणारेस का?" आणि त्याचे डोळे भरले.

मला राहवेना. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची अशी परीक्षा घ्यायची नाही, घेतली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. हे बोलले तर उत्तर मिळालं, "तुझं बरंय गं, तुमच्या शाळेत नुसतं खेळायचंच असतं."

नुसतं खेळायचं!

माझी लेक जाते त्या शाळेत पोरं स्वतः करून बघत शिकतात. ती तिसरीत असताना तिथल्या ताईंनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, सांगितलं, शाळेचं अंगण मोजून आणा, पट्टी नाही, टेप नाही. कोणी पावलांनी मोजलं, कोणी दोरीने, दोघं तर चक्क आडवे झोपत झोपत गेले. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, मग जोरदार भांडणं. ताईंनी सगळे आकडे फळ्यावर लिहिले आणि बरोबर कुठलं ते सांगितलंच नाही. लेक फणफणत घरी आली, "ताईंना येतंय, तरी सांगत नाहीत!" रात्री स्वयंपाकघराचा ओटा वितीने मोजायला लागली, तिच्या सोळा विती भरल्या, आजीच्या बारा. बराच वेळ गप्प, मग म्हणते, "आजी, तुझी वीत मोठी म्हणून ओटा लहान झाला का गं?"

शंभर सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, हे दहा मिनिटांत पाठ करून घेता येतं. पण मीटर लागतोच कशाला, हे त्या पोरांना भांडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ठरवलं की सगळ्यांनी एकाच मुलाच्या पावलाने मोजायचं, आणि मग कुठे ताईंनी टेप काढला. उत्तर माहीत असताना ते तोंडात धरून ठेवायचं, वर्गाचा कालवा सहन करायचा, कोण कुठे अडलंय त्यावर डोळा ठेवायचा, याला किती तयारी लागते माहितीये का? ओरडून गप्प बसवणं त्याहून कितीतरी सोपं.

आणि हे आजकालचं फॅड आहे म्हणणाऱ्यांचा मला खरंच संताप येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. तिथली वारली पोरं गुरं राखायला जायची, शाळेत कुठून येणार? मग या दोघींनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं हेच सामान. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी निवृत्तीनंतर १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, फलटणला मॅक्सीनताई बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं, आणि तेही मराठीतून. यातल्या कोणी मुलांना मोकाट सोडलं नव्हतं. मूल जिथे आहे तिथून सुरुवात केली, एवढंच.

हो, अशा शाळा मोजक्या आहेत, जागा कमी, सगळ्यांना मिळत नाहीत, मान्य. दहावीचा बोर्डही कुणाला चुकत नाही. पाढे पाठ करावेच लागतात, आमच्याकडेही करून घेतात. पण म्हणून साडेपाचव्या वर्षीच पोराला घाबरवायचं?

त्या आईवर मी चिडले होते, आता लिहिता लिहिता राग उतरलाय. तिला भीती वाटतेय, आपलं पोर मागे पडेल. आजूबाजूला सगळे पळताना दिसले की कोणालाही वाटेल. राग आहे तो ही भीती विकून फी वसूल करणाऱ्यांचा. जो मुलगा इंग्रजी शब्द आठवेना म्हणून रडतो तो उद्या वर्गात "मला हे कळलं नाही" असं म्हणायला धजेल का? माझी लेक ताईंवर चिडू शकते, तोंडावर सांगू शकते की तुम्ही उत्तर लपवताय, यासाठी मी तिला तिथे घातलंय. ओट्याच्या त्या प्रश्नाला मार्क कुठे मिळणार होते? पण तो तिला पडला.

पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी फिरताय त्यांना एक सांगते, बिल्डिंग आणि स्विमिंग पूल नंतर बघा, आधी विचारा, वर्ग चालू असताना तासभर मागे बसू देता का. बसू दिलं तर प्रश्न कोण विचारतंय तेवढं बघा, बाई की पोरं. आमच्या शाळेत बसू देतात. कोणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, मी ताईंशी बोलून ठेवते.